अमेरिकेत खालच्या श्रेणीत गोल मारणाऱ्या फॉरवर्डचं पुढे काय होतं?

मामाची_शिट्टी

नमस्कार मंडळी,

क्रिकेटच्या धाग्यांच्या गर्दीत हा किती चालेल देव जाणे, पण विचारतोच. ताईचा मुलगा ओहायोत वाढला. तिथल्याच एका छोट्या कॉलेजात शिकतो आणि कॉलेजच्या संघात सेंटर फॉरवर्ड खेळतो. त्याला यूएसएल लीग वनमधल्या, म्हणजे तिसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबाने चाचणी घेऊन 'ये' म्हटलंय. दाजींचं म्हणणं, डिग्री हातात पडली की सरळ नोकरी धर. ताई सकाळी पोराच्या बाजूने बोलते, संध्याकाळी नवऱ्याच्या. पोराने मला व्हॉट्सॅपवर एवढंच लिहिलं, "मामा, तू बाबांशी बोल ना."

आता मी पुण्यात बसून काय बोलणार? म्हणून वाचायला घेतलं, तर क्रिस्टियन रमिरेझ हे नाव सारखं समोर येतंय. मूळचा दक्षिण कॅलिफोर्नियाचा. २०१३ मध्ये शार्लट ईगल्सकडून तिसऱ्या श्रेणीत, २०१४ मध्ये मिनेसोटा युनायटेडकडून दुसऱ्या श्रेणीत २० गोल, २०१७ मध्ये एमएलएस, म्हणजे तिथली पहिली श्रेणी, आणि जानेवारी २०१९ मध्ये देशाकडून पहिल्याच सामन्यात, पनामाविरुद्ध गोल. भाच्याच्या खोलीत भिंतीवर हाच आहे.

प्रश्न एवढाच, की ही मळलेली वाट आहे का एखाद्यालाच लागणारी लॉटरी? तिथे राहणाऱ्यांनी आणि बघणाऱ्यांनी लिहा. 'आवड असेल तर करू द्या' हा सल्ला मला घरातच फुकट मिळतोय.

ऑफसाईड

दाजींशी बोलण्याआधी दाजींना जेवायला घाला. बाकी रुमाल टाकून ठेवतो.

ब्लेनचा_बर्फ

अरे वा, आमच्या माणसावर धागा!

रमिरेझला मी ब्लेनला पाहिलाय. ब्लेन हे मिनिआपोलिसच्या उत्तरेचं उपनगर. तिथल्या नॅशनल स्पोर्ट्स सेंटरमध्ये एक छोटं स्टेडियम आहे आणि भोवती नजर पोहोचेल तिथवर पोराटोरांची मैदानं. गाडी लावून आत जाताना बाजूला शाळकरी मुलींची मॅच चाललेली असायची, त्यांचे आईबाप घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले, आणि पलीकडे व्यावसायिक सामना. न्यूयॉर्क कॉसमॉसकडून २०१५ मध्ये राऊल खेळायचा, त्याच लीगची ही गोष्ट.

रमिरेझ अंगाने धिप्पाड, पण वेगाने पळून कुणाला मागे टाकणारा नव्हे. त्याचं काम बॉल नसताना बघायचं. विंगरने क्रॉससाठी मान वर केली की हा दूरच्या सेंटर बॅकच्या पाठीशी, त्याला दिसणारच नाही अशा जागी उभा. क्रॉस सुटला की दोन पावलं आडवी टाकून त्याच्याच पुढ्यात. गोल बहुतेक गोलरेषेजवळचे. माझ्या शेजारचा एक म्हातारा नेहमी कुरकुरायचा, "ह्याला सगळं आयतं मिळतं." आयतं मिळायला आधी तिथे हजर असावं लागतं की नाही!

पण मामा, तुमच्या प्रश्नातला मोठा खड्डा असा. अमेरिकेत क्लब जिंकून वरच्या श्रेणीत जात नाही, पैसे भरून जातो. मिनेसोटाच्या मालकांनी एमएलएसला १० कोटी डॉलर मोजले आणि २०१७ मध्ये क्लब पहिल्या श्रेणीत गेला. म्हणजे रमिरेझ जिना चढून वर गेला म्हणण्यापेक्षा तो उभा होता तो मजलाच वर उचलला गेला. हे भाच्याच्या भिंतीवरच्या चित्रात दिसत नाही.

वर गेल्यावर काय झालं? पोर्टलंडला पहिल्याच सामन्यात ५-१ ने धुलाई. त्यातला आमचा एकुलता एक गोल रमिरेझचा, क्लबचा एमएलएसमधला पहिला गोल. पुढच्या आठवड्यात घरच्या मैदानावर भर बर्फात अटलांटाने ६ मारले. बॉल नारिंगी, मैदान पांढरं, रेषा दिसाव्यात म्हणून माणसं फावडी घेऊन बाजूला उभी. आम्ही तोंडावर मफलर गुंडाळून ओरडत होतो, कोणासाठी ते शेवटी शेवटी कळेनासं झालं. तरी त्या मोसमात पठ्ठ्याने १४ गोल मारले.

गंगावेशीतला

बर्फात सहा खाऊन परत मॅचला गेला म्हणजे तुमी आमचेच म्हणायचे भावा. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमला पाटाकडील आणि दिलबहार भिडले की ऊन असू दे न्हाईतर पाऊस, पब्लिक हलत न्हाई.

दीडशहाणा

@ब्लेनचा_बर्फ, मजला वर उचलला गेला हे अर्धं खरं. क्लब वर जातो तेव्हा जुन्या खेळाडूंतले बहुतेक खालीच सोडले जातात आणि नव्या पैशातून नवी माणसं येतात. मिनेसोटानेही तेच केलं, खालून सोबत नेलेले मोजकेच. रमिरेझला ठेवलं कारण खालच्या श्रेणीतले त्याचे गोल दुर्लक्ष करण्यापलीकडचे झाले होते. तेव्हा लॉटरी म्हणू नका.

दुसरं उदाहरण ख्रिस वोंडोलोव्स्की. चिको स्टेट नावाच्या दुसऱ्या विभागातल्या कॉलेजचा पोरगा. २००५ च्या पुरवणी ड्राफ्टमध्ये (क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) ४१ व्या क्रमांकावर उचलला, म्हणजे गाळ काढून झाल्यावर उरलेल्यांत. निवृत्त झाला तेव्हा एमएलएसच्या इतिहासात सगळ्यात जास्त गोल त्याच्या नावावर, १७१. धागाकर्त्याने दाजींना हा आकडा ऐकवावा.

ऑफसाईड

दाजी विचारतील, "बेल्जियमविरुद्ध किती?"

चष्मिष्ट

ऑफसाईड, तुझ्या नावाला शोभेलसं बोललास.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २०१४ चा विश्वचषक, साल्व्हादोर, बाद फेरी. ०-० चालू, भरपाईची मिनिटं, गोलरक्षक टिम हॉवर्डने एकट्याने बेल्जियमला रोखून धरलेलं. जर्मेन जोन्सच्या डोक्यावरून बॉल वोंडोलोव्स्कीच्या पायाशी पडला, गोलपासून अगदी जवळ, आणि त्याने तो आडव्या दांडीवरून मारला. मग जादा वेळेत अमेरिका २-१ ने हरली. त्या एका फटक्यावर लोकांनी माणसाची अख्खी कारकीर्द मोजली. मला हे कधीच पटलं नाही. पाच वर्षांनी, मे २०१९ मध्ये, शिकागोविरुद्ध एकाच सामन्यात चार गोल मारून त्याने लँडन डोनोव्हनचा एमएलएसमधल्या १४५ गोलांचा विक्रम मोडला, त्याबद्दल बोलणारे कमी.

पण दीडशहाणा, तो या धाग्यात बसत नाही. वोंडो खालच्या श्रेणीत झिजला नाही, तो वरच्या श्रेणीच्या तळाशी झिजला. सॅन होजेचा संघ ह्यूस्टनला हलला, त्यांच्याबरोबर हाही गेला, आणि तिथे राखीव संघाच्या सामन्यांत गोल मारत बसला. त्या काळी असल्या डेव्हलपमेंटल खेळाडूंना वर्षाला १२ ते १८ हजार डॉलरच्या आसपास मिळायचे. २००९ मध्ये ह्यूस्टनने त्याला सॅन होजेकडे देऊन टाकलं. आणि बदल्यात कोण घेतला? कॅम वीव्हर.

हा वीव्हर म्हणजे खरा तुमच्या धाग्याचा माणूस. २००६ मध्ये सिएटल साउंडर्स दुसऱ्या श्रेणीत होते तेव्हा त्यांचा फॉरवर्ड. त्याच मोसमात त्याच लीगमध्ये ब्राझीलचा चाळिशीचा रोमारिओ मायामी एफसीकडून हजाराव्या गोलच्या मागे लागला होता, आणि गोलांच्या यादीत हा नवखा पोरगा रोमारिओच्या मांडीला मांडी लावून बसला. त्या बळावर नॉर्वेला गेला, परत येऊन एमएलएसमध्ये खेळला. ह्यूस्टनला वाटलं आपण सौदा मारला. पुढच्याच वर्षी वोंडो १८ गोल मारून लीगमध्ये पहिला, २०१२ मध्ये २७. जाणकार म्हणवणारे लोकही फॉरवर्ड ओळखण्यात असे फसतात, मग दाजींनी काय ओळखावं?

रविवारची_आमटी

माझी मुलगी न्यू जर्सीत कॉलेज सॉकर खेळते (बचावपटू आहे), म्हणून आईच्या बाजूने लिहिते.

मामा, त्याचं शिक्षण किती राहिलंय ते पहिलं बघा. व्यावसायिक करारावर सही केली की कॉलेजच्या संघातून खेळणं संपतं आणि शिष्यवृत्ती त्याला जोडलेली असेल तर तीही. डिग्री पूर्ण होईपर्यंत उन्हाळ्यात यूएसएल लीग टूमध्ये खेळता येतं. ती हौशी लीग आहे, पगार नाही, त्यामुळे कॉलेजची पात्रता शाबूत राहते. पूर्वी तिला पीडीएल म्हणायचे. वर ज्यांची नावं आली त्यांतले कितीतरी त्या उन्हाळी लीगमधूनच गेलेत.

आणि लहान क्लबांमध्ये राहायची सोय काय असते तेही विचारा. कुठे चार पोरं मिळून एक अपार्टमेंट, कुठे क्लबचे चाहते एखाद्याला घरात ठेवून घेतात. माझ्या मैत्रिणीकडे असा एक मुलगा राहायला होता. फ्रीजवर त्याचा प्रवासाचा तक्ता लावलेला, रविवारी पहाटे बसमधून उतरून यायचा आणि दुपारी शेजारच्या पोरांचं शिबिर घ्यायला जायचा. पुढे पुढे पोहे करायला शिकला, मोहरी मात्र दर वेळी जाळायचा.

ऑफसाईड

मोहरी जाळणारा फॉरवर्ड. फिनिशिंग कच्चं.

फातोर्डेकार

एक गोष्ट कुणी काढली नाही अजून. आमच्या गोव्याच्या धेंपो क्लबाचा फॉरवर्ड अमेरिकेत गेला होता की! सुनील छेत्री, २०१० मध्ये धेंपो सोडून कॅन्सस सिटी विझर्ड्सकडे. मडगावात त्या वेळी केवढी चर्चा, आता बघा कसा गाजवतो म्हणून. एमएलएसचा एकही लीग सामना त्याला मिळाला नाही. ओपन कपच्या (सगळ्या श्रेणींतल्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा) पात्रता सामन्यात कोलोराडोविरुद्ध उतरवला, मँचेस्टर युनायटेड आलं होतं त्या मैत्रीच्या सामन्यात बदली म्हणून उतरवला, संपलं. २०११ मध्ये परत.

लोक म्हणतात जमलं नाही त्याला. पण मी तेव्हाच म्हणत होतो, बसवून ठेवलेला फॉरवर्ड गंजतो रे. चष्मिष्टने राखीव सामन्यांचं लिहिलं ना वर, ती राखीव लीगच २००८ नंतर बंद केली होती आणि २०११ ला परत सुरू केली. म्हणजे छेत्री गेला नेमका त्या मधल्या काळात. बाकावरच्या माणसाने सराव सोडून खेळायचं कुठे? वोंडोला निदान ते सामने होते. पुढे हाच माणूस भारतासाठी नव्वदच्या वर गोल मारून बसला. म्हणून भाच्याला सांगा, वरच्या क्लबाच्या बाकापेक्षा खालच्या क्लबाची नऊ नंबरची, म्हणजे मुख्य फॉरवर्डची जर्सी बरी.

चष्मिष्ट

@फातोर्डेकार, वाचनखूण साठवली. राखीव लीगच्या या दोन वर्षांच्या भगदाडाबद्दल फार कमी लोक बोलतात.

बाकावरचा_बारावा

सगळे वर गेलेल्यांचीच नावं घेताय. मामांनी विचारलं होतं, खालच्या श्रेणीतल्याचं काय होतं. बहुतेकांचं हे होतं:

मॅट फाँडी. २०१५, लुइव्हिल सिटीचा पहिलाच मोसम, २२ गोल, लीगमध्ये सर्वाधिक, वर सर्वोत्तम खेळाडूचा मान. पुढचा करार मिळाला तो दुसऱ्या श्रेणीतला, एमएलएसचा नाहीच.

शॉन ओकोली. २०१६, एफसी सिनसिनाटी, १६ गोल, त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू. याला न्यूयॉर्क सिटीने उचललं. तिथे पुढे स्पेनचा डेव्हिड व्हिया. बसा बाकावर.

आणि त्याच पायरीवर गाजलेलेही. रॉचेस्टर ऱ्हायनोजचा डग मिलर घ्या. १९९९ च्या ओपन कपमध्ये या दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबाने एमएलएसचे संघ एकामागून एक लोळवले आणि अंतिम सामन्यात कोलोराडोला २-० ने हरवलं. त्यात मिलरचा गोल. एमएलएस सुरू झाल्यापासून तिच्याबाहेरच्या क्लबाने हा चषक जिंकल्याची ती एकच वेळ. रॉचेस्टरच्या जुन्या लोकांसमोर मिलरचं नाव काढून बघा. वर गेला असता तर कुठल्यातरी संघाचा तिसरा फॉरवर्ड झाला असता.

गंगावेशीतला

हे पटलं. आमच्याकडं पण असली माणसं हायत. आयलीगचं तोंड बघितलं न्हाई, पण पेठेत नाव काढलं की चहाचं पैसं कोण घेत न्हाई.

दीडशहाणा

चहाच्या पैशावर ओहायोत घरभाडं भागत नाही हो.

आणि जेमी वार्डीचं काय? कारखान्यात काम करत इंग्लंडच्या खालच्या लीगांत खेळला आणि प्रीमियर लीग जिंकला. गुणवत्ता असेल तर माणूस वर येतोच.

बाकावरचा_बारावा

वार्डी काढलातच तर ऐका. त्याने २०२१ मध्ये याच रॉचेस्टर ऱ्हायनोजमध्ये भागीदारी घेतली होती. खालच्या श्रेणीतून वर आलेल्या माणसाचा क्लब, किती छान गोष्ट, सगळ्यांनी बातम्या केल्या. २०२२ मध्ये एमएलएस नेक्स्ट प्रोमध्ये, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत, एक मोसम खेळून २०२३ च्या मार्चमध्ये क्लबाने गाशा गुंडाळला. इंग्लंडमध्ये वार्डी ज्या शिडीने चढला ती अमेरिकेत नाहीच, हाच तर मुद्दा आहे.

चष्मिष्ट

यात फॉरवर्डची वेगळी अडचण आहे, ती सांगतो. बेकहॅमसाठी २००७ मध्ये डेझिग्नेटेड प्लेयरचा नियम आला. पगाराच्या मर्यादेबाहेर जाऊन क्लब ठरावीक खेळाडू आणू शकतो. हा पैसा मालक कुठे ओतणार? लेफ्ट बॅकवर? तिकीट विकतो गोल मारणारा. त्यामुळे एमएलएसच्या बहुतेक संघांत नऊ आणि दहा नंबर दक्षिण अमेरिका किंवा युरोपातून येतात. खालच्या श्रेणीतला चांगला अमेरिकन बचावपटू किंवा गोलरक्षक वर सरकतो, कारण तिथे स्वस्त आणि भरवशाचा माणूस हवाच असतो. फॉरवर्डला मात्र जगभरच्या फॉरवर्डशी एकाच जागेसाठी भांडावं लागतं.

रमिरेझचंच बघा. २०१८ मध्ये लॉस एंजलिसच्या एलएएफसीने त्याच्यासाठी मिनेसोटाला १० लाख डॉलरपर्यंतचा अॅलोकेशन निधी (एमएलएसमध्ये क्लबांना खेळाडूंवर खर्चायला मिळणारा पैसा) कबूल केला. किंमत मोठी, जागा छोटी. पुढे व्हेला, रोस्सी, डिओमांडे. वर्षभरात ह्यूस्टनला रवाना.

ग्रॅनाइटचं_गाव

तिथून पुढचं मी लिहितो, कारण तेल कंपनीच्या नोकरीने मला स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला आणून टाकलं आणि २०२१ मध्ये हा गडीही इथल्या क्लबात आला. प्रशिक्षक स्टीफन ग्लास अटलांटाच्या दुसऱ्या संघाचं काम करून आलेला, त्याला अमेरिकन बाजार ठाऊक. पिटोड्रीला, क्लबाच्या मैदानावर, समुद्रावरून वारा असा येतो की गोलकिक परत फिरेल असं वाटतं. तिथे पहिल्याच युरोपीय सामन्यात स्वीडनच्या हेकेनविरुद्ध गोल. संघ मोसमभर रडतखडत चालला, पण हा गोल करत राहिला. माझ्या ऑफिसातले स्कॉटिश आधी नाकं मुरडायचे, अमेरिकन फॉरवर्ड म्हणजे काय असणार म्हणून. डिसेंबरपर्यंत त्याच्या नावाचं गाणं म्हणायला लागले.

मग फेब्रुवारीत ग्लासला काढलं, नवे प्रशिक्षक आले, उन्हाळ्यात नवे फॉरवर्ड आले, आणि याची जागा बाकावर. दोष कोणाचाच नाही. ज्याने आणलं तो गेला की फॉरवर्डच्या पायाखालची वाळू सरकते. भाच्याला हे सांगा: करार क्लबाशी होतो, पण जागा प्रशिक्षकाच्या मनात असते.

टंकाळलेली

सगळं वाचून काढलं. मला सॉकरमधलं ओ की ठो कळत नाही पण ही मालिका चांगली चाललीय. शेवट काय झाला रमिरेझचा? पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

ब्लेनचा_बर्फ

शेवट नको म्हणू, २०२५ मध्ये एलए गॅलक्सीकडे होता. पण मधला भाग असा की पटकथा लिहिली तर निर्माता म्हणेल फार योगायोग झाले.

२०२३ मध्ये तो कोलंबस क्रूकडे आला. पहिला फॉरवर्ड कुचो हर्नांडेझ, हा बदली. डिसेंबरमध्ये विभागीय अंतिम सामना सिनसिनाटीत, ओहायोतल्या दोन हाडवैऱ्यांत. सिनसिनाटी २-० पुढे. पंचाहत्तराव्या मिनिटाला स्वयंगोल, मग शेवटच्या मिनिटांत रोस्सीचा गोल, २-२. हा रोस्सी म्हणजे चष्मिष्टने सांगितलेला तोच, एलएएफसीत ज्याच्यामुळे रमिरेझला जागा नव्हती. जादा वेळेत ११५ व्या मिनिटाला विजयी गोल कोणाचा? बाकावरून उठून आलेल्या रमिरेझचा. आठवड्याने अंतिम सामन्यात समोर कोण? एलएएफसी. २-१ ने हरवून चषक घेतला.

मामा, भाचा ओहायोचा आहे म्हणालात ना? मग भिंतीवर तो मिनेसोटाचा नसून कोलंबसचा असणार. तपासा.

मामाची_शिट्टी

तपासलं. पिवळाच शर्ट आहे. :)

मंडळी, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. एक गंमत सांगतो. ताईने धाग्याची लिंक दाजींना पाठवली. दाजींनी रात्री जागून सगळा वाचला आणि आज सकाळी फोन. वोंडोलोव्स्कीचे १७१ गोल, रमिरेझचा ११५ वा मिनिट, कशावरच काही बोलले नाहीत. विचारलं काय, तर "तो फाँडी आता काय करतो?" आणि "तिशी उलटल्यावर या पोरांचं काय?"

ऑफसाईड

दाजी बरोब्बर पेनल्टी बॉक्समध्ये उभे आहेत.

रविवारची_आमटी

दाजींचा प्रश्न रास्त आहे. आमच्या भागातल्या क्लबांत मुलांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांत निम्मे तरी असे माजी खेळाडू असतील. फेडरेशनच्या परवान्याच्या परीक्षा असतात, क श्रेणी, ब श्रेणी अशा. शहाणी पोरं खेळत असतानाच त्या देऊन टाकतात. आणि ज्याच्याकडे डिग्री आहे तो खेळ सोडला तरी सव्विसाव्या वर्षी नोकरी शोधू शकतो. माझ्या ऑफिसात एक आहे, आता विम्याचे हिशेब करतो, शुक्रवारी लवकर पळतो इनडोअर खेळायला.

चष्मिष्ट

काही जण बोलून पोट भरतात. हर्क्युलेझ गोमेझ. खालच्या लीगांत भटकलेला पोरगा, एमएलएसमध्येही नीट जम बसला नाही, मग मेक्सिकोत प्वेब्लाकडे गेला आणि २०१० च्या मोसमात तिथल्या पहिल्या श्रेणीत गोलांमध्ये संयुक्त पहिला, मेक्सिकोच्या चिचारितोच्या बरोबरीने. थेट विश्वचषकाच्या संघात. आता टीव्हीवर विश्लेषक. अमेरिकेतली शिडी मोडकी असली तर दुसऱ्याच्या अंगणात चढता येतं, हेही लक्षात घ्या.

आणि अगदी ताजं उदाहरण पॅट्रिक अजिमँगचं. तिसऱ्या विभागातल्या ईस्टर्न कनेटिकटमधून सुरुवात, मग ऱ्होड आयलंडचं कॉलेज, शार्लटने ड्राफ्टमध्ये घेतला तरी आधी खालच्या नेक्स्ट प्रोच्या संघात पाठवला. जानेवारी २०२५ मध्ये देशाकडून पदार्पणात गोल, त्याच उन्हाळ्यात इंग्लंडला डर्बी काउंटीकडे. म्हणजे दार अजून बंद झालेलं नाही.

दीडशहाणा

आणि शिडीही येऊ घातलीय. मार्च २०२५ मध्ये यूएसएलच्या क्लबमालकांनी बढती-घसरणीला मंजुरी दिली. २०२७-२८ पासून त्यांची स्वतःची पहिली श्रेणी, आणि खाली दोन. भाचा ज्या लीग वनमध्ये जाणार ती याच शिडीची खालची पायरी. आता क्लबाबरोबर खरंच वर जाता येईल, १० कोटी न मोजता.

बाकावरचा_बारावा

घसरताही येईल. आणि क्लब वर गेल्यावर नवा फॉरवर्ड आणणार नाही कशावरून? तुम्हीच वर लिहिलंय की जुन्यांना खाली सोडतात.

दीडशहाणा

दुखरी नस पकडलीत. तरी नसण्यापेक्षा असलेली बरी.

गंगावेशीतला

लीग वनला फॉरवर्ड मॅडिसन नावाचा क्लब हाय म्हणं. तिथं गेला तर गोलकीपर पण फॉरवर्डच की वो.

फातोर्डेकार

हाहा. आणि त्यांचं बोधचिन्ह फ्लेमिंगो. गुलाबी जर्सी. दाजींना हे आत्ताच सांगू नका.

ब्लेनचा_बर्फ

आता जरा कामाचं. मामा, क्लबाचा कागद आला की भाच्याकडून एवढं विचारून घ्या. पगार किती महिन्यांचा, कारण खालच्या लीगांत बरेच करार मोसमापुरते असतात आणि हिवाळ्यात माणूस वाऱ्यावर. पुढच्या वर्षीचा पर्याय कोणाच्या हातात, क्लबाच्या की खेळाडूच्या? बहुधा क्लबाच्याच असतो, पण विचारावं. गुडघा गेला तर शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे महिने कोणाच्या खर्चाने. घर क्लबाचं असेल तर करार संपल्यावर किती दिवसांत खाली करायचं. आणि वरच्या क्लबाने मागणी घातली तर सोडण्याची रक्कम आधीच लिहिलेली आहे का. हे शेवटचं फॉरवर्डसाठी फार महत्त्वाचं. दहा गोल मारले आणि क्लबाने अडवून धरलं तर पुढच्या वर्षी तेच दहा गोल जुने होतात.

संघात सध्या नऊ नंबरला कोण आहे आणि त्याचा करार कधी संपतो, हे तर पोराने स्वतःच शोधलं असेल. नसेल शोधलं तर मात्र मी दाजींच्या बाजूने.

मामाची_शिट्टी

शोधलंय त्याने. पहिल्या पसंतीचा फॉरवर्ड तिशीतला आहे, करार या मोसमाअखेर संपतोय. दुसरा आहे तो विंगलाही खेळतो. हे त्याने मला आपणहून सांगितलं, तेही गोलांच्या जागांच्या नकाशासकट.

सध्या ठरलंय असं: मे महिन्यात डिग्री पूर्ण करायची, त्याआधी सही नाही. क्लब तोवर थांबायला तयार आहे का ते सोमवारी कळेल. दाजी म्हणाले, थांबले तर कागद मी स्वतः वाचणार. ब्लेनच्या बर्फाची यादी त्यांनी छापून घेतलीय आणि खाली पेनाने एक प्रश्न स्वतःचा वाढवलाय: दातांचा विमा आहे का?

रविवारची_आमटी

बहुतेक नसतो. वेगळा घ्यावा लागेल. कोपर लागून पुढचे दात जातात, माझ्या लेकीचा अर्धा गेलाय.

ऑफसाईड

सोमवारी धागा वर काढा हो मामा.